मोठी फिन वरमाईची

माझ्या विहीणबाई पाण्यात पडल्या, की ओरडत नाहीत आणि देवाचं नावही घेत नाहीत. वर येतात, तोंडातलं गढूळ पाणी थुंकतात आणि आधी मला विचारतात, "तुम्ही ठीक आहात ना?" मी त्या वेळी बहुधा माझ्या बोर्डवर मजेत उभी असते. पडलेल्या त्या, आणि चौकशी माझी. मुलाच्या आईला जपायचं हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की धरणाच्या मध्यावर नाकात पाणी गेलं तरी ते सुटत नाही.

हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील बाईंना ऊन बाधलंय. मी जळगावला पिंप्राळ्यात राहते. पन्नाशी उलटलीय, गुडघे अजून माझं ऐकतात, तोंड मात्र कधीच ऐकत नाही. माझ्या मुलाचं लग्न साक्रीकडच्या मुलीशी झालं. दोघांची ओळख झाली ती समुद्रावर, विंडसर्फिंग शिकताना. म्हणजे पाण्यावर तरंगणारा बोर्ड, त्याच्यावर उभं शीड, शिडाच्या आडव्या दांडीला धरून आपण उभं राहायचं आणि वारा नेईल तिकडे, खरं म्हणजे आपल्याला हवं तिकडे, जायचं. शिकवणारी ती जागा बंद पडली तेव्हा या दोघांनी तिथले दोन बोर्ड विकत घेतले आणि सुनेच्या माहेरी आणून टाकले, कारण तिच्या माहेरच्या घरामागे धरण आहे. मग दोघांना लांब नोकऱ्या लागल्या. फ्लॅट असा, की त्यात बोर्ड ठेवायचा तर नवराबायकोंपैकी एकाने बाहेर झोपावं लागेल. बोर्ड राहिले विहीणबाईंच्या गोठ्याशेजारी, कडब्याच्या पेंढ्यांत.

वस्तू पडून राहिलेली विहीणबाईंना बघवत नाही. त्या मला म्हणाल्या, की आपण दोघी शिकलो तर निदान बोर्डांना हवा लागेल. मला वाटलं त्या थट्टा करताहेत. सून सुट्टीवर आली आणि तिने आम्हा दोन आयांना लाइफ जॅकेटात कोंबून पाण्यात ढकललं, तेव्हा कळलं की थट्टा नव्हती. पोहता दोघींनाही येत होतं. मी तापीकाठची, आणि विहीणबाईंना त्यांच्या भावांनी लहानपणीच विहिरीत फेकलेलं. विहीण विहिरीत शिकली, असं मी त्यांना चिडवायचे. त्या हसायच्या, पण पदर तोंडाला लावून, वरमाईसमोर हसावं तसं.

पावसाळ्यात रविवार जवळ आला की त्यांचा फोन येई. "यांचा पायजमा वाळत घातला, तो उडून शेजारच्या कपाशीत गेला," एवढंच त्या सांगायच्या. मी लगेच धुळ्याची बस धरायचे. आमचे हे म्हणायचे, "आमची बाई वारा खायला साक्रीला जाते." कॉलनीतल्या बायकांना मी फक्त विहिणीकडे जाते एवढंच सांगितलेलं. दोन विहिणींचं इतकं जमतं हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ओल्या कपड्यांची पिशवी मी त्यांच्यासमोर मागे धरायचे.

धरणात लाटा कुठल्या, असं कुणीही विचारेल. त्याने आषाढात आमच्याकडे यावं. पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. नैर्ऋत्येचा वारा तिथून सुटतो तो धरणाची सगळी लांबी धावत येतो, आणि पाणी त्याच्यापुढे पळत सुटतं. त्यात आमच्या काठापासून थोडं आत एक जुना बांध बुडालेला आहे. लाट त्या बांधावर आली की ठेच लागल्यासारखी उभी राहते. कमरेएवढी, कधी त्याहून जास्त. समुद्रवाल्यांना ती खेळणं वाटेल. आम्हाला ती पुरून उरत होती.

सरळ जायला आम्ही पहिल्या पावसाळ्यातच शिकलो. पण मला हवं होतं ते वळण. लाटेच्या अंगावरून खाली उतरायचं, तिच्या पायथ्याशी झोकात वळायचं आणि परत तिच्याच अंगावर चढायचं. फोनवरच्या व्हिडिओत एक पोरगी ते करते, आणि ती वळते तेव्हा माझ्या पोटात पाळण्यात बसल्यासारखं होतं. मला ते एकदा, फक्त एकदा, करायचं होतं. आणि आता घाई होती. मुलाला समुद्राजवळच्या शहरात नोकरी मिळाली. त्याने कळवलं, की पोळा झाला की टेम्पो पाठवतो, बोर्ड घेऊन जातो. बोर्ड त्याचेच, बोलणार काय? मी फोनवर "वा, छान" म्हटलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उगाच आपटली.

आता फिनचं सांगते, कारण सगळा घोळ तिचाच. बोर्डच्या खाली, मागच्या टोकाला, माशाच्या परासारखं एक पातं स्क्रूने बसवलेलं असतं. ती फिन. ती पाण्यात रुतून राहते म्हणून बोर्ड आडवा वाहून जात नाही. बोर्डांबरोबरच्या पिशवीत दोन फिना निघाल्या. एक लांब, सरळ, कडक. दुसरी आखूड, मागे वळलेली, टोकाला लवचिक. विहीणबाईंनी दोन्ही हातांत घेऊन बघितल्या आणि म्हणाल्या, हे तर नांगराचे फाळ. मग मोठा फाळ दोन्ही हातांवर आडवा ठेवून, साडीचोळी द्यावी तसा, माझ्यापुढे धरला. मीही तो दोन्ही हातांनी घेतला. कुंकू तेवढं लावायचं राहिलं होतं.

बाहेरच्याला यात काय मोठंसं, असं वाटेल. आमच्याकडे मुलीच्या आईने मुलाच्या आईला मोठं ते द्यायचं. मोठा पाट, मोठी वाटी, बट्टीवर तुपाची मोठी धार. आणि मुलाच्या आईने ते घ्यायचं. नको म्हटलं, तर लग्नात काही कमी पडलं होतं का, याची चर्चा चार गावांत पोचते. म्हणून मोठी फिन माझ्या बोर्डला लागली आणि आखूड त्यांच्या. ओळखू यावं म्हणून माझ्या बोर्डवरच्या, पाय अडकवायच्या पट्ट्याला लाल नाडा बांधला, त्यांच्या बोर्डला हिरवा. बाकी दोन्ही बोर्ड अगदी सारखे, जुळ्या भावांसारखे.

आता आमची अंगं बघा. मी काडीपैलवान. विहीणबाई चांगल्या भक्कम, शेतातून गवताचा भारा एकटीने आणणाऱ्या, त्यामुळे शीडही मोठं त्यांचंच. मोठी फिन लावलेला माझा बोर्ड रेल्वेसारखा सरळ जायचा. बांधावर लाट उभी राहिली, मी वळायला झुकले, की तो एका अंगाने वर उचलला जायचा आणि मला पलीकडे सांडायचा. वळायचं नाव नाही. तिकडे विहीणबाईंची आखूड फिन त्यांचं वजन पेलायची नाही. त्यांनी मागचा पाय जरा दाबला, की बोर्डची शेपूट सरकन घसरायची आणि त्या धाडकन पाण्यात. मग वर येऊन, "तुम्ही ठीक आहात ना?"

मला वाटायचं चूक माझ्या पायांची आहे. मी पिंप्राळ्याच्या हॉलमध्ये गोधडीची गुंडाळी केली, तिच्यावर पाट ठेवला, हातात फरशी पुसायची काठी धरली आणि गुडघे वाकवून डोलू लागले. पुढच्या पायावर वजन, बोटांवर दाब, दांडी पुढे आणि आत, नजर पाण्यावर नाही तर वळणाच्या पलीकडे. हे टीव्हीवरच्या बातम्या बघत असायचे आणि मी त्यांच्या नि बातम्यांच्या मध्ये वळत असायचे. एकदा त्यांनी आवाज बंद करून शांतपणे विचारलं, की तू आता कुठे पोचलीस. मी म्हटलं, बांधावर.

श्रावणात सुनेशी बोलताना मी सहज विचारलं, बोर्ड लाटेत वळत का नसेल. ती म्हणाली, लाटेत फिन आखूडच हवी, त्यात तुमचं वजन हलकं, मोठी लावली तर बोर्ड ऐकणारच नाही. आईला मात्र मोठीच लावा, ती जड आहे, मोठं शीड धरते, आखूड लावली तर शेपूट घसरेल. आखूड फिन असली की मागच्या पायाने ढकलायचं नाही, आधी वेग घ्यायचा, मग हळूहळू भार द्यायचा, असंही तिने सांगितलं. मी ऐकत होते आणि माझे कान गरम होत होते. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही तशाच लावल्यात ना?" मी म्हटलं, हो, बरोब्बर तशाच.

मग काय म्हणणार? तुझ्या आईने मला दिलेला मान तिला परत घ्यायला सांग, असं? मी विहीणबाईंना आडून सुचवून बघितलं. फिन जरा जडच वाटते, म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या हाताला शोभते. आखूड फिन दिसायला किती नाजूक, म्हटलं. त्या म्हणाल्या, आमच्यासारख्यांना तेवढी पुरे. मला तिथेच पाण्यात उडी घ्यावीशी वाटली. इतका चांगुलपणा माणसाला वेड लावतो.

पोळ्याआधीच्या शनिवारी मी गेले ती ठरवूनच. पोळा म्हणजे आमच्याकडे वारा पडायचाच मुहूर्त, पुढच्या रविवारी बोर्डही नसणार. संध्याकाळी विहीणबाई अंगणात गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या भाजत होत्या. त्यांची पाठ वळल्याचं बघून मी कडब्याच्या खोलीत शिरले, पदरात स्क्रूड्रायव्हर. लाल नाड्याच्या बोर्डची मोठी फिन काढली, हिरव्याला लावली. हिरव्याची आखूड काढली, लाल नाड्याच्या बोर्डला लावली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपटू नयेत म्हणून फिनांना आम्ही गोणपाट गुंडाळतो, ते गुंडाळून सुतळी घट्ट आवळली. उद्या त्यांची शेपूट घसरणार नाही, माझा बोर्ड वळेल, आणि त्यांना कळणारही नाही. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की जेवताना मी एक बट्टी जास्त खाल्ली. त्यांनी तूपही जास्त ओतलं.

सकाळी वारा असा होता, की व्याह्यांची टोपी ट्रॅक्टरवर बसताच गेली. व्याही आमचे सारथी, आणि चहाच्या थर्मासचे राखणदार. काठावर शेळ्या चारणाऱ्या दोन बायका रोजच्यासारख्या तोंडावर हात ठेवून बसल्या, त्यांना फुकटचा सिनेमा. व्याह्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून गोणपाटं सोडली. पाणी चहासारखं लाल, खाली काय आहे ते दिसायचं कारण नव्हतं. मी लाल नाड्याच्या बोर्डवर चढले, शीड उचललं आणि वाऱ्याने मला कॉलर धरून ओढलं.

वाऱ्याने ओढलं की मला हसू येतं. दात काढून हसते, एकटी, मोठ्यांदा. पहिली लाट आली, दुसरी आली, मग बांधावर ती आली, उभी, तिच्या माथ्यावरचं पाणी वाऱ्याने उडत होतं. मी तिच्या अंगावरून खाली उतरले, गुडघे वाकवले, दांडी पुढे केली, झुकले. आणि बोर्ड रेल्वेसारखा सरळ गेला, एका अंगाने उचलला गेला आणि मला सांडून मोकळा झाला.

पाण्याखालीच मला कळलं, की ही मोठी फिन आहे. वर आले तर थोड्या अंतरावर विहीणबाईंची शेपूट सरकन घसरली आणि त्या पडल्या. म्हणजे त्यांच्याकडे आखूडच. म्हणजे त्यांनी रात्री बघितलं, ओळखलं, आणि एक शब्द न बोलता माझा मान परत माझ्या बोर्डला लावून ठेवला. मला लाज वाटली, आणि माझ्या लाजेपाठोपाठ नेहमी रागच येतो. त्या वर आल्या. या वेळी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. त्यांचंही तोंड फुगलेलं होतं.

दोघी आपापल्या बोर्डला धरून लाटांवर वरखाली होत राहिलो. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, विहीणबाई, मला नको असलेली वस्तू तुम्ही मला परत परत का देता, फिन बदलायची तर सांगून बदलायची.

त्या म्हणाल्या, "मी फिनला हातही लावला नाही. मी फक्त नाडे बदलले."

झालं होतं ते असं. दोन पावसाळे घसरून घसरून त्यांच्याही लक्षात आलं होतं, की मोठी फिन त्यांना हवी. पण दिलेला आहेर परत कसा मागणार? म्हणून त्या पहाटे कडब्याच्या खोलीत गेल्या. स्क्रू खोलायचा त्यांना कंटाळा, गोणपाट सोडायचं त्याहून जास्त. त्यांनी लाल नाडा काढून हिरव्याच्या जागी बांधला आणि हिरवा लालच्या जागी. बोर्ड सारखेच, कोणाला कळणार. मी संध्याकाळी फिना बदलल्या, त्यांनी पहाटे नाडे बदलले, आणि दोघींच्या चोऱ्या मिळून सगळं जिथल्या तिथे आलं.

आधी मी हसले की त्या, आठवत नाही. पदर नव्हता, लाइफ जॅकेटला पदर कुठला. त्या तोंड उघडून, डोकं मागे टाकून, सगळे दात दाखवून हसत होत्या आणि लाट तोंडात जात होती. काठावर व्याही उठून उभे राहिले, त्यांना वाटलं आम्ही बुडतोय. हसता हसताच विहीणबाई बोलल्या, आणि बोलल्या त्या घरातल्या बोलीत, जी त्या मुलीशी बोलतात, म्हशीशी बोलतात, माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

"मना मनमा व्हतं, तुले मोठी दिधी म्हंजे तुना मान ऱ्हाई," त्या म्हणाल्या. "तू पहिलेच काब्र नही सांगं?"

तुला मोठी दिली म्हणजे तुझा मान राहील, असं त्यांच्या मनात होतं. मी आधीच का नाही सांगितलं, हा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तू तरी कुठे सांगितलंस. तू. तोंडातून गेलं ते गेलं. आकाश काही कोसळलं नाही.

परत काठावर जायचा धीर कुणाला होता? शिडाचा खुंट बोर्डवर एका बटणाने अडकतो. आम्ही पाण्यातच बटणं दाबली, शिडं सोडवली, बोर्ड एकमेकींकडे ढकलले आणि आपापलं शीड नव्या बोर्डला लावलं. ती आधी निघाली. मोठ्या फिनवर तिचा बोर्ड असा ठाम गेला, की ती अर्ध्या धरणापर्यंत मागे वळूनही न बघता गेली. मग बघितलं, एक हात उंचावला, आणि पडली. पण घसरून नाही, हात सोडला म्हणून.

मग मी. आखूड फिन सुरुवातीला वाऱ्यात जरा आडवी सरकली, मी मागचा पाय दाबायला गेले, आणि मागून तिची हाक आली. ती पोहत पोहतच ओरडत होती, शेळ्यांच्या बायकांपर्यंत ऐकू जाईल अशी.

"मागला पाय ढिल्ला सोड. पाणीमा काय दखस? जठे जानं शे तठे दख."

मी पाण्याकडे बघणं सोडलं. वेग आला. बांधावर लाट उभी राहिली आणि मी तिच्या अंगावरून खाली आले, गुडघे वाकले, दांडी पुढे आणि आत, आणि जिथे जायचं तिथे बघितलं. बोर्ड वळला. उगाच आढेवेढे न घेता, सांगितलेलं ऐकणाऱ्या पोरासारखा वळला. पायाखाली पाणी फिरलं, काठ फिरला, व्याही, ट्रॅक्टर, शेळ्या सगळं माझ्याभोवती फिरलं, आणि मी परत लाटेच्या अंगावर चढत होते. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो पन्नाशीच्या बाईचा नव्हता, कुठल्याच वयाच्या बाईचा नव्हता. वर पोचले आणि अर्थातच पडले. मला इतका आनंद झाला होता की पाण्याखाली मी रडले, तिथे कुणाला दिसत नाही.

मग आम्ही थांबलोच नाही. ती सरळ जायची, मी वळायचे, ती पडली की मी हसायचे, मी पडले की ती शिव्या द्यायची. चांगल्या, ठेवणीतल्या, खास साक्रीकडच्या. व्याह्यांनी थर्मास उंचावून दाखवला, टॉवेल हलवला, शेवटी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला तेव्हा आम्ही बाहेर आलो. तिने स्वतःसाठी आधी चहा ओतून घेतला आणि मग कप माझ्याकडे दिला.

तेवढ्यात तिच्या फोनवर माझ्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येईल, सासऱ्यांनी बोर्ड बांधून ठेवावेत, असं तो सांगत होता. आता हे कळायला हवं, की या बाईने लग्नापासून आजवर जावयाला एकदाही नाही म्हटलेलं नाही. जावयाने मागितलं असतं तर हिने गोठ्यातली म्हैस स्टेशनवर आणून दिली असती.

तिने ओले केस मागे सारले आणि फोन तोंडासमोर धरला.

"जावईबापू, बोर्ड मिळायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही नवे घ्या."

मुलाला आधी वाटलं आवाज नीट येत नाहीये. त्याने परत विचारलं, तिने परत तेच सांगितलं, शब्दही न बदलता. मग त्याला तिच्या मागे मी दिसले. आई, तू तरी त्यांना समजाव ना, असं तो म्हणायला लागला. त्याचं बिचाऱ्याचं तोंड अगदी लहानपणीसारखं झालं होतं, आणि एरवी मी विरघळले असते. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला, कारण वारा अजून पडला नव्हता.